गाडी का थांबते? आधी वही बघा



आमचा गट झुणका-भाकरीचा, त्यामुळे आज भाकरी कशी फुगवायची ते सांगणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज आम्ही गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. रेडिओच्या ताईंनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. भाकरी तुम्हाला येतेच. गाडीनं मात्र आम्हाला तीन महिने रडवलं आणि त्यातून जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही अकराजणी. बँकेच्या कर्जातून जुनी डिझेल व्हॅन घेतली. आत एका बाजूला ओटा, शेगडी आणि पाण्याचे ड्रम, दुसऱ्या बाजूला दोन लांब बाकडी. दिवसा बाकड्यांवर सामान, रात्री आम्ही. बाजार आणि जत्रा करायच्या तर मुक्काम गाडीतच. म्हणजे गाडी हेच आमचं दुकान आणि तेच आमचं घर. ती थांबली की सगळंच थांबतं, आणि हप्ता काही थांबत नाही.

पहिला दणका बसला पौष पौर्णिमेला. मांढरदेवीच्या जत्रेला निघालो होतो. गाडीत तीन पोती पीठ, भरलेले ड्रम, आम्ही सहाजणी. वाई सोडली, घाट लागला आणि अर्ध्या चढावर गाडीनं दम सोडला. ॲक्सिलेटर दाबला तरी पिकअप घेईना. आधी गचके, मग बंद. रात्रीचा एक वाजला होता आणि थंडी मरणाची. मागच्या एका ट्रकवाल्या दादानं उतरून डिझेलचा हातपंप मारून दिला, तेव्हा गाडी चालू झाली. दोन वळणं गेलो आणि पुन्हा तेच. वर पोचायला सकाळचे आठ वाजले. जागा गेली आणि पहिल्या दिवसाची कमाईही गेली.

घरी आल्यावर मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" आम्ही म्हणालो, "बंद पडते." त्यांनी डिझेल फिल्टर बदलला. माघी वारीला आम्ही पंढरपूरला गेलो. दोन दिवस गाडी झक्कास चालली आणि आम्हाला वाटलं, रोग गेला. पुढं सांगोला करून आटपाडीवरून परत येताना एका साध्या चढाला पुन्हा बंद. मग साताऱ्याला डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडे नेली. त्यांनी बघितलं आणि सांगितलं, "पंप काढून पूर्ण उघडावा लागेल. 32,000 रुपये धरून चला."

त्या रात्री गटाची बैठक बसली. शिल्लक होती 14,000. कुणी म्हणालं, अजून कर्ज काढू. कुणी म्हणालं, गाडी विकून टाकू, आपलं हे काम नव्हेच. दोघींचे नवरे आधीपासून तेच म्हणत होते, त्यामुळे त्या शब्दाची धार जास्तच लागली. आमच्यातल्या एक काकी वीस वर्षं दूध संकलनावर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "दूध नासलं तर आम्ही आधी विचारायचो, कुठल्या कॅनचं, किती वाजताचं, कुठल्या घरचं. गाडी कधी-कधी थांबली ते कुणी लिहून ठेवलंय का?"

कुणीच लिहिलं नव्हतं. भाकरी किती गेल्या, पीठ किती उरलं, सगळं लिहीत होतो. गाडीचं मात्र काहीच नाही. पंप उघडायचं तीन आठवडे पुढं ढकललं आणि एक वही घातली.

वहीत काय लिहायचं ते नीट ऐका, हेच आजच्या बोलण्यातलं मुख्य आहे. तारीख. निघाल्यापासून किती वेळानं त्रास झाला. इंजिन थंड होतं की तापलेलं. रस्ता चढाचा की सपाट. गाडीत वजन किती. टाकीत डिझेल किती. धूर होता का, कसल्या रंगाचा. आधी गचके आले की एकदम बंद पडली. आणि पुन्हा कशानं चालू झाली: नुसतं थांबल्यानं की हातपंप मारल्यानं.

तीन आठवड्यांत गाडी सात वेळा बंद पडली. सातही वेळा टाकीचा काटा अर्ध्याच्या खाली होता. टाकी अर्ध्याच्या वर असताना ती एकदाही थांबली नव्हती. सातपैकी पाच वेळा चढ होता. आणि दरवेळी हातपंप मारूनच पुन्हा चालू झाली, नुसतं थांबून एकदाही नाही.

मग माघी वारीचं कोडं सुटलं. लांबचा प्रवास म्हणून त्या वेळी आम्ही टाकी पूर्ण भरली होती. एरवी पैशाची ओढ, म्हणून हजार-पाचशेचं डिझेल टाकायचो. गाडी बरी झाली होती ती भरलेल्या टाकीमुळं, आणि श्रेय मिळालं फिल्टरला.

याचा अर्थ कळायला डिझेल इंजिन चालतं कसं ते थोडं बघू. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलला ठिणगी लागत नाही. इंजिन हवा आत घेतं आणि सुमारे विसाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबून बसवतं. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं नळकांडं गरम लागतं ना, तसंच हे. फक्त इथं हवा पाचशे अंशांच्या वर तापते. तेवढ्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा येतो आणि आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाला हवं काय? स्वच्छ हवा, पुरेसा दाब, आणि योग्य वेळी योग्य तेवढं डिझेल. जुन्या गाडीचा बहुतेक आजार यातल्याच एका ठिकाणी असतो.

आता डिझेलची वाट बघा. टाकीत एक नळी वरून आत सोडलेली असते. तिच्यातून फीड पंप डिझेल ओढतो. तिथून ते फिल्टरला जातं, फिल्टरमधून मोठ्या पंपाला, आणि मोठा पंप प्रचंड दाबानं ते नोझलला देतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं आणि तिथून पुढं ते ढकललं जातं. ढकलण्याच्या बाजूला भोक पडलं तर डिझेल गळतं आणि आपल्याला दिसतं. ओढण्याच्या बाजूला बारीक भोक असेल तर गाडी चालू असताना बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत जाते. फुटक्या नळीनं सरबत प्यायल्यासारखं. मिस्त्री लोक म्हणतात, "गाडीनं एअर पकडली." हवा थोडी-थोडी फिल्टरमध्ये साठते आणि पंपाला डिझेलऐवजी बुडबुडा मिळाला की इंजिन बंद. हातपंप मारून ती हवा पुढं काढून दिली की पुन्हा चालू.

आम्ही वही घेऊन गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रींकडे गेलो. ट्रॅक्टरचं इंजिनही डिझेलचंच. त्यांनी सात ओळी वाचल्या आणि म्हणाले, "आता पंपाला हात लावायचा नाही." टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये त्यांनी वीतभर पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवली. टाकी अर्ध्याच्या खाली ठेवून इंजिन चालू केलं. नळीत बुडबुडे पळताना आम्ही अकराजणींनी डोळ्यांनी बघितले.

पण हवा शिरते कुठून? दोन तपासण्या केल्या. पहिली, टाकीची नळी काढली आणि स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये दुसरी नळी बुडवून त्यावर इंजिन चालवलं. बुडबुडे बंद. म्हणजे फीड पंप आणि पुढचं सगळं ठीक, दोष मागे टाकीकडे. दुसरी, टाकीची नळी पुन्हा जोडली आणि टाकी भरली. बुडबुडे बंद. म्हणजे बाहेरची नळी आणि तिच्या क्लिपाही ठीक, दोष टाकीच्या आत. टाकीतली नळी बाहेर काढली. बरोबर मध्यावर गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. डिझेल त्या भोकाच्या वर असलं की भोक डिझेलच ओढायचं. पातळी खाली गेली, किंवा चढाला डिझेल एका बाजूला सरलं, की भोक उघडं पडायचं आणि हवा ओढायचं.

नवी नळी, टाकी धुणं आणि मजुरी मिळून 650 रुपये. त्यानंतर त्या कारणानं गाडी एकदाही थांबलेली नाही. पारदर्शक नळी तपासणीपुरतीच ठेवायची, बरं का. डिझेलनं ती कडक होते आणि चिरते.

साताऱ्याच्या पंपवाल्यांना आम्ही हे सांगितलं. ते म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर पंप उघडायचं बोललोच नसतो." त्यांचं खरं आहे. त्यांच्यासमोर गाडी एक तास होती, आमच्याजवळ ती रोज आहे. डॉक्टरांकडे जाऊन नुसतं "बरं नाही" म्हणायचं आणि मग औषध चुकलं म्हणून रागवायचं, तसं आमचं झालं होतं.

आता बाकीची लक्षणं सांगतो. ही जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांची आहेत. सेन्सर आणि कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीच्या डिझेलच्या नळ्यांना घरी हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर असतो.

गाडी थोडा वेळ छान चालते, मग दम सोडते, आणि हातपंप न मारता नुसती पाच-दहा मिनिटं थांबली की पुन्हा चालते. असं असेल तर टाकीच्या तळाचा कचरा ओढण्याच्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसत असेल. गाडी थांबली की तो खाली बसतो. किंवा टाकीत हवा जायचं छिद्र बुजलं असेल. तेव्हा गाडी बंद पडल्या-पडल्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष त्या छिद्राचा.

डिझेलमध्ये पाणी असल्याचा संशय आला तर फिल्टरच्या तळाचा नट सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर हलवू नका. डिझेल हलकं, पाणी जड. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसेल. आम्ही उघड्या कॅनमध्ये डिझेल साठवायचो, ते यानंतर बंद केलं.

आता धूर. सायलेन्सरच्या धुराचा रंग फार काही सांगतो.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर बघा. आमच्या माण-खटावच्या फुफाट्यात तो पिठाच्या चाळणीसारखा बुजतो. फिल्टर स्वच्छ करूनही चढाला काळा धूर येत असेल तर नोझल नीट फवारा न मारता थेंब टाकत असेल. नोझल दाब देऊन मशीनवर तपासून मिळतं, पंपाच्या मानानं ते स्वस्त काम आहे.

सकाळी गाडी चालू करताना पांढरा धूर आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. आमच्या गाडीला थंडीत हे व्हायचं. कारण होतं हीटर प्लग. थंड इंजिनात हवा पुरेशी तापत नाही म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक छोटा हीटर असतो. आमच्या चारपैकी दोन जळलेले होते. तपासणी सोपी आहे. इलेक्ट्रिशियनकडून प्लगांना जोडणारी पट्टी काढून घ्या. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी प्लगच्या डोक्याला टेकवा. बल्ब लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. आणि एक चूक आमचीही होती. हीटरचा दिवा विझायच्या आधीच आम्ही सेल्फ मारायचो. दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं. बॅटरी उतरलेली असली तरी हाच त्रास होतो, कारण इंजिन हळू फिरलं की हवा तापत नाही. म्हणून सेल्फ रडतोय का तेही ऐका.

काहीजण थंडीत एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी चालू करतात. हे करू नका. हीटर तापलेला असताना आत पेट्रोलची वाफ गेली तर भडका उडतो, इंजिन फुटू शकतं आणि माणूसही भाजतो.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर चालूच राहिला आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर पाणी आत जातंय. ताबडतोब मिस्त्री गाठा. पण रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

इंजिन एका पायानं लंगडल्यासारखं चालत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नसतो. मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून बघतात. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज बिघडतो. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. हे काम मिस्त्रींनाच करू द्या, आपण शेजारी उभं राहून ऐकायचं. नोझलशी डिझेल शंभर बारच्या वर दाबानं येतं, म्हणजे टायरमधल्या हवेच्या चाळीस-पन्नासपट. ती धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते पण आतलं मांस सडतं. कधी लागलीच तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखान्यात जा आणि "डिझेलची धार आत गेली" असं स्पष्ट सांगा.

आमच्यासारखी गाडीत स्वयंपाक आणि मुक्काम करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. डिझेलच्या नळीला हात लावण्याआधी गॅसची टाकी बंद करून गाडीबाहेर काढा आणि चाकांना दगड लावा. आणि थंडी कितीही असो, इंजिन किंवा शेगडी चालू ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेली बाई उठतच नाही.

मिस्त्रींशी बोलण्याबद्दल आम्ही काय ठरवलंय तेही सांगतो. आता आम्ही "पंप गेलाय का?" असं विचारत नाही. आपण पार्टचं नाव घेतलं की समोरचाही त्याच पार्टकडे बघतो. आम्ही वही वाचून दाखवतो आणि विचारतो, "कशावरून म्हणता? आधी स्वस्तात काय तपासता येईल?" एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशानं सुधारली ते कळत नाही. माघी वारीला फिल्टरही बदलला आणि टाकीही भरली, म्हणूनच आम्ही फसलो होतो. जुना पार्ट परत मागून घ्यायचा. आणि गाडीसोबत दोघीजणी थांबायच्या, चावी देऊन घरी यायचं नाही.

आता शेवटचं. वही आमच्या बाजूचंच बोलेल असं काही नाही. गेल्या दोन महिन्यांच्या नोंदी सांगतायत की ऑइल आता दर पंधरवड्याला टाकावं लागतं, पूर्वी दोन महिन्यांत एकदा लागायचं. सकाळी निळसर धूर दिसतो. ट्रॅक्टरच्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण जपून उघडून दाखवलं, आतून भसाभस वाफ येत होती. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. हे 650 रुपयांचं काम नव्हे. इंजिन खोलावं लागणार.

पण या वेळी रात्री एक वाजता घाटात कळलं नाही. सात-आठ महिने आधी कळलं. बैठकीत "गाडी विका" असं कुणी म्हटलं नाही. ज्यांचे नवरे आधी हसत होते त्यातल्या एकीनंच सुचवलं, प्रत्येक जत्रेच्या कमाईतून 1,500 रुपये इंजिनाच्या नावानं बाजूला काढायचे. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या जत्रेपासून सुरुवात केली. पुढच्या पौषापर्यंत पैसे जमायला हवेत.

तुमच्या गटाकडे गाडी असेल, ट्रॅक्टर असेल, नाहीतर डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी किंवा पाण्याचं इंजिन असेल, तर आज एक वही घ्या, दहा रुपयांची. पहिल्या पानावर आम्ही सांगितलेले प्रश्न लिहा आणि दोरीनं ती मशिनजवळच बांधा. सोबत पेनही बांधा. आमचं पेन दोनदा हरवलंय.